डावा डोळा, उजवा डोळा

।। श्री ।।

कुडाळ, ६ मे २०२६

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘बाबा, खोका उघडलात की तसाच माळ्यावर?’ असं तू मागे एकदा फोनवर विचारलंस आणि मी लाईट गेल्याचं सांगून फोन ठेवला. लाईट खरंच गेली होती, वळीव जोरात होता. पण तू मण्यांसाठी पाठवलेल्या पॉलिमर क्लेचा खोका उघडून तेव्हा दीड महिना झाला होता आणि तुला सांगावं असं मण्यावरचं एकही फूल माझ्या हातून निघालं नव्हतं. आता निघालंय. फोनवर तू मध्येच ‘हो हो, कळलं’ म्हणतेस, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी काय केलं सांगू? पाकळीला बारीक चीर दिसली तशी सवयीने बोट पाण्यात बुडवलं आणि चिरेवरून फिरवलं. पाणी अळवाच्या पानावर बसतं तसं थेंब धरून वरच बसलं. जन्म शाडूत गेला माझा. शाडूत पाणी हा अर्धा कारागीर असतो. चीर बुजवायची ती पाण्याने, गाल गुळगुळीत करायचा तो पाण्याने. तुझी पॉलिमर क्ले मुळात मातीच नव्हे हे मला मागाहून पटलं. पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, म्हणजे आपल्या मोरीतल्या पायपाची चुलत बहीणच. आठ दिवस पडवीत पडली तरी तशीच मऊ. श्रावणात मूर्ती वाळत नाहीत म्हणून रात्री उठून दिवे लावणारा माणूस मी. न वाळणारी माती बघून खरं तर मला थोडा रागच आला.

तिचा आणखी एक गुण कळला तो डबी गेल्यावर. उरलेले तुकडे मी आईच्या बांगड्यांच्या कडक पारदर्शक डबीत ठेवले होते. चार दिवसांनी डबीचा तळ चिकट आणि मातीला घट्ट धरून बसलेला. आतलं तेलकट द्रव्य असल्या प्लास्टिकला खातं. आता सगळे रंग स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. तुझं सामान कशात आहे ते एकदा बघून घे.

आता कांडी. तू केन म्हणतेस, माझ्या तोंडी कांडी बसलंय. रंगांच्या वळ्या-पोळ्या जुळवून ठोकळा करायचा, तो दाबून लांब करायचा, की कापल्यावर दर चकतीत तेच फूल. तुझी फुलं दाबताना पसरतात, पाकळ्या एका बाजूला वाहून जातात असं तू म्हणाली होतीस. माझीही वाहत होती. लाल नेहमी बाहेर, पांढरा आत अडकलेला. वाटलं, हातच वाकडा. मग एका संध्याकाळी दोन्ही रंगांच्या सारख्या गोळ्या केल्या आणि अंगठ्याने सारख्या दाबल्या. लाल बसकन बसला, पांढरा ताठ. एका कांडीत एक रंग मऊ आणि एक कडक असला की दाबल्यावर मऊ आधी पळतो, कडक जागचा हलत नाही. बस, एवढंच. मऊ रंगाची पातळ पोळी लाटून साध्या कोऱ्या कागदाच्या दोन तावांमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी कागदावर भज्यांच्या पुडीसारखा तेलाचा डाग, आणि लाल पांढऱ्याच्या जोडीला आलेला. मग मात्र पाकळ्या जागच्या जागी राहिल्या. लाटायला लाकडी लाटणं घेऊ नकोस, त्याचे रेषे मातीवर उमटतात. मी काचेची बाटली घेतो. लाटणं, पाती, पाट, या मातीला लागलेलं काहीही परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हा आईचा हुकूम आणि तो बरोबर आहे.

दाबायला कुठून सुरुवात करतेस? मी टोकाकडून करत होतो, चुलीत लाकूड सारावं तसं. चूक. मधोमध धरायची, कमरेला. तिथे चहूबाजूंनी थोडं आवळायचं, पाव वळसा द्यायचा, परत आवळायचं, कंबर बारीक झाली की तिथून दोन्ही टोकांकडे सरकायचं. घाई नाही. बाहेरचा थर आधी सरकतो आणि पोटातला मागे राहतो, म्हणून टोकं वाटीसारखी खोलगट होतात आणि तिथलं चित्र बिघडतंच. दोन्हीकडचं बोटभर जातं. ते टाकायचं नाही, मण्याच्या पोटात भरायचं. मणी आतून कुठल्या रंगाचा आहे ते कोण विचारतोय?

हिशेब मात्र मजेचा आहे. जाडी निम्मी केली की लांबी चौपट होते. चार सेंटिमीटर जाड आणि चार सेंटिमीटर लांब असा ठोकळा मी केला. तो एक सेंटिमीटर जाडीवर आणला तेव्हा कांडी चौसष्ट सेंटिमीटर झाली; मी मापाची पट्टी दोनदा लावली. दोन दोन मिलिमीटरच्या चकत्या काढल्या तर तीनशेवीस. टोकं गेली तरी पावणेतीनशे. पावणेतीनशे फुलं आणि सगळी एका तोंडावळ्याची! मला आधी हे आवडलं नाही. आपल्या चित्रशाळेत साच्यातून काढलेले दोन गणपती शेजारी ठेवले तरी रंगून झाल्यावर सारखे दिसत नाहीत. पण मण्यांचं वेगळं, माळेत बारा मणी एका घरचे वाटले पाहिजेत.

रंगांबद्दल मी तुला शिकवू नये, पण एक सांगतो. ठोकळ्यात पिवळा आणि नारिंगी छान वेगळे दिसतात. कांडी बोटाएवढी झाली की दोघे मिळून एकच. गणपतीच्या मुकुटावर आपण सोनेरीच्या कडेने तपकिरी रेघ का ओढतो? आरतीला उभ्या असलेल्या माणसाला मखराबाहेरून कळावं म्हणून. इथेही तेच. दोन पाकळ्यांच्या मध्ये काळ्याची किंवा गडद निळ्याची पातळ पोळी घाल. ठोकळ्यात ती जाड आणि अडाणी वाटेल, वाटू दे.

कापण्याची गडबड मी नेहमी करायचो. दाबून झालं की लगेच पाती. हाताच्या उबेने कांडी मऊ झालेली असते, त्यात आपल्याकडचा मे महिना. पहिल्याच चकतीत फूल चेपून लांबट. आता फॉइलमध्ये गुंडाळून, वेगळ्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात अर्धा तास. आईने खालचा कप्पा दिलाय आणि बांगड्यांच्या जवळ डबा दिसला तर बाहेर फेकीन असं सांगितलंय. (मासे ग, काकणं नव्हेत.) तू पाठवलेली ती लांब लवचीक पाती फार सुंदर आहे. दर चकतीला कांडी पाव वळसा फिरव, म्हणजे एकाच बाजूने चपटी होत नाही.

भाजण्याचं प्रकरण आईने तुला सांगितलं असेलच, वाढवून. पाकिटावर ११० अंश, अर्धा तास. मी ओव्हनचं बटण ११०वर ठेवलं आणि खळ्यात आंबे बघायला गेलो. परत येतो तो घरभर नाकाला झोंबणारा वास, आई दारात, ‘काय जळला ह्यां?’ बटण ११० म्हणतं म्हणून आत ११० असतंच असं नाही. ही माती फार तापली की तिच्यातून वाईट वाफ निघते, घशाला लागते. दारं-खिडक्या उघडून आम्ही दोघं तासभर आंब्याखाली बसलो. बऱ्याच दिवसांनी बसलो तसे, ते एक बरं झालं. दुसऱ्या दिवशी ओव्हनच्या आत ठेवायचा तापमापक आणला. आमचं बटण जवळजवळ तीस अंश खोटं बोलतं. तो ओव्हन आता पडवीत, फक्त मण्यांचा. केकसाठी नवा घ्यायचं कबूल केलंय.

आता खरी गोष्ट.

फुलं जमल्यावर मी डोळा करायला घेतला. कांडीत डोळा. काळी बारीक वळी, तिच्याभोवती तपकिरी पोळी, झालं बुबुळ. दोन्ही बाजूंना पांढऱ्याच्या पाचरी, वर जाड काळी पापणी, खाली पातळ, आणि नाकाकडच्या कोपऱ्यात लालाची सुतासारखी रेघ, आपण मूर्ती रंगवताना आखणीत देतो तशी. तीन दिवस लागले. आखणीत डोळा सगळ्यांत शेवटी येतो. मूर्ती पुरी झाली, दागिने झाले, मग श्वास धरून दोन डोळे. इथे डोळा आधी, तोही आडवा, लांबलचक, आणि कापेपर्यंत दिसतच नाही. माझ्या हाताला हे उलटं चालणं फार जड गेलं.

कापला. सुरेख आला. एका चपट्या मण्यावर दोन चकत्या शेजारी शेजारी बसवल्या आणि बघतो तर चेहरा तिरळा. दोन्ही लाल कोपरे एकाच बाजूला. कांडीतून निघतात ते सगळे उजवेच डोळे! म्हटलं, डाव्यासाठी दुसरी कांडी, आणखी तीन दिवस. आई भाजी निवडत बसली होती, तिने मान वर करून पाहिलं नि म्हणाली, ‘उलटी घालून बघा मां. अळवडी परतूची लागता नाय?’

चकती उलटी केली. डावा डोळा.

मी बराच वेळ ती चकती उलटसुलट करत बसलो. मागूनही तोच डोळा दिसतो, फक्त बाजू बदलून. रंग वरून लावलेला नसतो ना, आरपार असतो.

आणि मग तू आठवलीस, नववीतली. कुंचला धुऊन, पुसून, माझ्या पाठीशी उभी. मी तुला नखं दिली, उंदीर दिला, उपरण्याचा काठ दिला. ‘मुलींनी डोळे आखू नयेत’ असं मी कधी म्हटलं नाही, पण बारीक कुंचलाही कधी तुझ्या हातात ठेवला नाही. तो दादाला दिला. त्याला नको होता, आज तो मोबाइल विकतो आणि सुखी आहे. तू काही बोलली नाहीस. पुढच्या वर्षीपासून चित्रशाळेत यायची थांबलीस, आणि मी समजलो अभ्यास वाढला.

तू सांगितलेली ती जर्मनीची हकीकत माझ्या डोक्यातून जात नाही. केथे क्रूस ही बाहुल्या करणारी नावाजलेली बाई, तिच्याकडे ही असली माती आली. बाहुल्यांच्या कामाला ती काही चालली नाही, म्हणून मुलीकडे गेली, फिफीकडे. मुलगी घरी तिच्याशी खेळत राहिली आणि १९६०च्या दशकात तीच फिमो म्हणून बाजारात आली. त्या बाईने निदान नको असलेली वस्तू तरी मुलीच्या हाती दिली.

असो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून चतुर्थी उशिरा, १४ सप्टेंबरला. नागपंचमीच्या आसपास लोक मूर्तीसाठी आपापले पाट आणून टाकतील. गेल्या वर्षी बेचाळीस होते. माझा हात अजून थरथरत नाही, पण संध्याकाळनंतर डोळ्याला धूसर दिसतं, रेघ दोनदा ओढावी लागते. चतुर्थीआधी दहा दिवस रजा मिळते का बघ. एका मूर्तीचे दोन डोळे दोन हातांचे चालत नाहीत, नजर फाटते. म्हणून निम्मे पाट तुझे. कुठले ते तूच निवड, मी खडूने तुझं नाव घालून ठेवीन. शंभर कोऱ्या मडक्यांवर आधी सराव करावा लागेल, त्यातून सवलत तुला नाही. मलाही नव्हती.

सोबत लक्झरीवाल्याकडे खोका देतोय, शनिवारी सकाळी स्वारगेटला उतरवील. त्यात भाजलेले चोवीस मणी आहेत, तो तिरळा पण आहे, त्याला विकू नकोस. आईने आगळ आणि सोलं दिलीत. डोळ्याची अर्धी कांडी न कापता ठेवलीय. पुण्याला पोचेपर्यंत मऊ झाली असेल, हातात घेऊन लगेच बघू नकोस, आधी फ्रिजमध्ये.

तुझे,
बाबा