लेबर रूममधली सिस्टर लेबर रूममध्येच राहू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातली निवृत्त पाठ्यनिर्देशिका. आधी लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. आपल्याकडे एकच मागणी आहे. बाळंतपणाचं सखोल प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत स्वतंत्र पद निर्माण करा, आणि त्या पदावरच्या बाईला दुसऱ्या विभागात हलवता येणार नाही असा आदेश काढा.

हे का मागते आहे, ते एका मुलीवरून सांगते. माझ्याकडे शिकून गेलेली ही मुलगी एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला होती. पहिलटकरीण सुखरूप मोकळी झाली, वार पडली, बाळ रडलं, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे गेल्या. हिचा हात मात्र आईच्या ओटीपोटावर होता. बाळंतपणानंतर गर्भाशय हाताला चेंडूसारखं घट्ट लागायला हवं, ते सैल लागत होतं. खालचं पॅड बघता बघता भिजलं. तिने पोट चोळायला घेतलं, लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, बरोबरच्या सिस्टरला गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन आणि सलाइन लावायला सांगितलं आणि डॉक्टरांना हाक मारायला मावशींना पाठवलं. डॉक्टर पोचले तोवर रक्तस्राव आटोक्यात येत होता. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने धडधाकट बाई काही तासांत दगावते. आपल्या देशातल्या मातामृत्यूंचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

पुढच्या ड्यूटी चार्टमध्ये या मुलीला डोळ्यांच्या विभागात टाकलं. तिच्या जागी आली ती ओपीडीत इंजेक्शनं देणारी मुलगी. तीही कामाला चांगलीच होती, पण कळा देणाऱ्या बाईजवळ ती कित्येक वर्षांत उभी राहिली नव्हती. कुणी सूडबुद्धीने केलेली ही गोष्ट नाही. रोटेशन म्हणजे रोटेशन, सगळ्या परिचारिका सारख्या, असं कार्यालय समजतं. एसबीएच्या, म्हणजे कुशल प्रसूतिसेविकेच्या, तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर सरकारने केलेला खर्च असा दर बदलीत वाया जातो. बाळंतपणाचं काम हाताच्या सवयीचं आहे. सवय सुटली की हात बिचकतो, आणि बिचकलेला हात बाईला आणखी घाबरवतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकेने करायच्या बाळंतपणाच्या सेवांची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत आणि अनुभवी परिचारिकेने अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घ्यायचं, मग नॉर्मल गरोदरपण आणि बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायचं, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे सोपवायचं, अशी ती योजना आहे. त्यासाठी प्रसूती विभागालगतच मिडवाइफनी चालवायचा कक्षही त्यात सांगितला आहे. २०२१ साली ८८ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण प्रशिक्षित मिडवाइफ सगळीकडे पोचल्या तर २०३५ पर्यंत जवळजवळ दोन तृतीयांश मातामृत्यू टळू शकतील, असा अंदाज त्यात मांडला आहे. आपल्या कामाला इतका भक्कम आधार फार क्वचित मिळतो.

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. हे ज्या आशाताईंनी, एएनएमनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) आणि डॉक्टरांनी घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दवाखान्यात बाळंत होण्याचं प्रमाणही राज्यात ९४ टक्क्यांच्या वर गेलं आहे. बाई दवाखान्यापर्यंत आली. आता आत आल्यावर तिच्याशी कोण कसं वागतं आणि घरी गेल्यावर तिच्याकडे कोण बघतं, हे बघायची वेळ आली आहे.

आधी आतलं सांगते. २०१६ साली केंद्राने सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला परवानगी दिली. आई, सासू, बहीण, कुणीही. सतत कुणी जवळ असलं तर नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण वाढतं, हे संशोधनाने सिद्ध झालेलं आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी सोबतीण बाहेर बाकड्यावरच बसलेली दिसते. कारण विचारलं तर सांगतात, आत दोन टेबलांमध्ये पडदा नाही, दुसऱ्या बाईची अब्रू कशी राखायची? सिस्टरचं म्हणणं रास्तच आहे. एका पडद्यापायी ती पोर उताणी पडून एकटीच कळा सोसते, आणि वरून “ओरडू नकोस, जोर लाव” हे ऐकते. ज्या सिस्टरला कळांमध्ये कंबर चोळून देणं, उकिडवं किंवा कुशीवर होऊ देणं, अधूनमधून पाणी पाजणं, ठोके ऐकून “बाळ छान आहे” असं सांगणं शिकवलेलं असतं, तिच्या टेबलावर आरडाओरडा कमी असतो. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. राज्यात सिझरचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत २०.१ टक्के होतं, ते पाचव्या फेरीत २५.४ वर गेलं. त्यातली किती खरोखर गरजेची होती हा वाद डॉक्टरांनी करावा. जवळ धीर देणारं जाणतं माणूस नसल्यामुळे घाबरून “सिझर करा” म्हणणाऱ्या मुली मात्र मला ठाऊक आहेत.

आता घरचं. डोहाळजेवण झालं की आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. कात्रजला राहणाऱ्या मुलीचं माहेर लातूरकडे असेल तर तिची नोंद पुण्याच्या यादीत राहते, बाळंतपण तिकडे होतं, आणि सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी ती परत येते. आशाताईंच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बाळांच्या सेवेचं जे काम उभं केलं, त्यातून देशाने हे घेतलं. पण या सगळ्या तारखा दोन जिल्ह्यांच्या मधल्या फटीत पडतात. वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवर राहणाऱ्या बायकांची तर पुष्कळदा कुठल्याच यादीत नोंद नसते. शिवाय भेट झाली तरी तिचा भर बाळावर, वजन किती, ताप आहे का. आईचा रक्तदाब कोण बघतं? रक्तदाब वाढून येणारे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. टाके दुखतात, लघवी थांबत नाही, पान्हा फुटत नाही, अंगावर जाणं वाढलंय, हे सासूसमोर आशाताईला सांगायला ती लाजते.

आणि मन. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला, त्यात बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. म्हणजे पाच जणींत एक. घरात तिला अळिवाची खीर मिळते, शेक मिळतो, बाळाचं कौतुक होतं, आणि ती रडली तर “बाळंतिणीने रडू नये, दूध आटतं” एवढंच ऐकायला मिळतं. हे नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. ओळखीच्या, बाळंतपणात हात धरलेल्या सिस्टरने ती तिसऱ्या आठवड्यात विचारली तर उत्तर खरं मिळतं, अनोळखी माणसाला मिळत नाही. गरोदरपणापासून सहा आठवड्यांपर्यंत तीच बाई सोबत असणं म्हणून मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

पुण्याला या कामाचा वारसा आहे. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी याच शहरात अडलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं. पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, लोकांची बोलणी खाऊन पाठवलं.

अडचण मला दिसते ती मालकीची. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्या आरोग्य खात्याकडे, कमला नेहरू रुग्णालय पुणे महापालिकेकडे, वायसीएम रुग्णालय पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. चौघांची भरती वेगळी, बदल्यांचे नियम वेगळे. त्यामुळे प्रशिक्षण एकाने द्यायचं आणि पद दुसऱ्याने काढायचं, यात वर्षं निघून जातात. तुम्ही वैद्यकीय शिक्षण आणि नगरविकास खात्यांना एका टेबलाशी बसवलंत तर हे सुटेल. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

शिकवण्याबाबतही एक सांगते. आज एकाच बाळंतपणाभोवती इंटर्न, एमबीबीएसची मुलं, जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या मुली अशी गर्दी असते. मुलींची केसबुकं भरतात, हात रिकामेच राहतात. पालिकेच्या प्रसूतिगृहांत नॉर्मल बाळंतपणं होतात, तिथे मुलींना आळीपाळीने पाठवा. घोडेगाव, वेल्हे भागांतल्या मुलींनाही या अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणात जागा राखून ठेवा, त्या परत आपल्याच भागात काम करतील.

काही स्त्रीरोगतज्ज्ञांना भीती वाटते की सिस्टर डॉक्टर व्हायला निघाल्या. ज्या डॉक्टरांनी चांगल्या लेबर रूम सिस्टरबरोबर रात्री काढल्या आहेत, त्यांना ही भीती वाटत नाही. गुंतागुंतीची केस वेळेत ओळखून त्यांच्या हाती देणारी बाई त्यांनाही हवीच असते.

सुरुवात पुण्यात एका प्रसूतिगृहापासून करा. या पदाचे सेवाप्रवेश नियम, पगाराची श्रेणी आणि बदलीची अट आधी ठरवा, प्रशिक्षणाची पहिली तुकडी नंतर घ्या. नियमांच्या मसुद्यावर बसायला बोलावलंत तर मी आणि माझ्यासारख्या काही निवृत्त सिस्टर मुंबईला यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
पुणे