नातीचं नाव महिना

वाइमानालो, ओआहू, हवाई

प्रिय इंदे,

तुझ्या मेसेजना नुसते अंगठे दाखवत बसले इतके दिवस, राग आला असेल तर तो नंतर काढ, आधी हे वाच. गौरीला मुलगी झाली, दोघी छान आहेत, माझे गुडघे होते तसेच आहेत, बीपीची गोळी चालू आहे. झालं. आता मुद्द्याचं.

मुलीचं नाव महिना ठेवतायत.

हसून घे. ह्यांना फोनवर सांगितलं तर पलीकडे आधी सामसूम, आणि मग म्हणतात कसे, कितवा? थोरल्या वहिनी त्याच्याही वर, म्हणाल्या मग दुसरी झाली की पंधरवडा ठेवा. मीपण हसले गं त्यांच्याबरोबर, पण फोन ठेवल्यापासून डोक्यात नुसता भुंगा, आणि हे बोलायला तुझ्याशिवाय कोण आहे मला.

तर हवाईयन भाषेत महिना म्हणजे चंद्र. चांदणं पण. आणि कहर म्हणजे महिना म्हणजे महिनासुद्धा! मला वाटलं सापडलं, काहीतरी जुनं नातं असणार आपलं. गौरी म्हणे आई डोंबलाचं नातं, आपला महिना फारसीतला, तिकडे माह म्हणजे चंद्र, आणि ह्यांचा महिना पॅसिफिकमधून बेटाबेटाने होड्यांतून इथवर आलेला, दोघांची कधी गाठ नाही. चंद्राशी जोडलेली देवी आहे यांची, हीना. तिची गोष्ट ऐक. माउई बेटावर हाना म्हणून गाव आहे तिथे राहायची, झाडाची साल कुटून कापड करायचं, घरचं सगळं बघायचं, शेवटी वैतागली आणि आधी इंद्रधनुष्यावरून सूर्याकडे निघाली, तिथलं ऊन सोसेना म्हणून मागे फिरली आणि रात्री चंद्राकडे चढायला लागली. नवऱ्याने खालून पाय धरला. आपल्याकडे नवरे पाय धरत नाहीत, तिथल्याने धरला तर असा धरला की तुटून हातात आला. ती तशीच लंगडत गेली वर, परत आली नाही. मी म्हटलं ही बाई आपल्या बिल्डिंगमधली वाटते.

आणि यांच्याकडे चंद्राच्या रात्रीरात्रीला नाव आहे गं, आपल्या तिथ्या असतात तसं. पहिली कोर दिसते ती हिलो, पौर्णिमेच्या आसपासची माहेआलानी, शेवटची अंधारी मुकू. मासेमारी, लावणी सगळं त्यावर चालायचं. ओले नावाच्या रात्री असतात, ओले म्हणजे ‘नाही’, त्या दिवसांत लावणी करायची नाही. ओले आणि कोरडे! मला हसू आवरेना आणि केकोआला कळेना सासूबाईंना काय झालं. जावई गुणी आहे हं, माझ्या अळूवड्यांसाठी अळू स्वतः कापून आणतो. अळू हे यांचं मुख्य अन्न, आणि मूळ पुरुषाचा थोरला भाऊ म्हणजे अळू असं मानतात, तेव्हा चिंच लावून वड्या तळताना जरा अवघडल्यासारखंच होतं मला.

बरं, नाव चांगलं आहे हे मलाही पटतं. पण ही पोरगी कधीतरी सांगलीला येणार ना गं. दारात कोणी विचारणार बाळ नाव काय, आणि ती सांगणार महिना. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर आली तर विचारूच नको, ‘महिन्याची’ म्हणून काय काय बोलतील पोरं. तुला आपल्या वर्गातली धोंडूबाई आठवते ना, हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरनं खडा पडायचा. इथेही असलं होतं म्हणे, मूल जगावं, कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून मुद्दाम घाणेरडं नाव ठेवायचे पूर्वी. पण ते जीव लावून ठेवलेलं. आपली नकुशी वेगळी. २०११ ला साताऱ्यात अडीचशेच्या वर नकुशांची नावं बदलली तेव्हा तू शिकवायचीस त्या वर्गातली एक त्यात होती ना? तिने ऐश्वर्या घेतलं आणि तू घरी येऊन रडलीस का चिडलीस ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मग मी एक तोडगा काढला. म्हटलं लेइलानी ठेवा, घरात आपण लीला म्हणू, दोन्हीकडची सोय. केकोआची आजी, टूटू म्हणतात इथे आजीला, समोर चाफा ओवत बसलेली. आपला देवळातला पांढरा चाफाच गं, इथे दारोदारी आहे. हातभर लांब सुई, फुलाच्या मधोमध घालायची, पाकळीला नख लागता कामा नये. गौरीचे दिवस भरत आले होते तेव्हा तिला बांधलेला हार घालू दिला नाही टूटूने, दोन्ही टोकं सुटी ठेवलेला घातला, नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळ अडकते म्हणे. तर ती काही बोलली नाही, ओवत राहिली. गौरीने मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. आई, लेइलानी आता अमेरिकेत पहिल्या शंभर नावांत आहे, टेक्सासपासून कुठे कुठे, हवाईशी काही देणंघेणं नाही त्यांचं. एका बँडवाल्याने, हॅरी ओवेन्सने, आपल्या मुलीसाठी गाणं केलं ‘स्वीट लेइलानी’, बिंग क्रॉसबीने ते १९३७ च्या सिनेमात म्हटलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि नाव जगभर गेलं. आता ते वाइकीकीच्या दुकानात चहाच्या मगावर मिळतं. शिवाय लानी म्हणजे आकाश आणि राजघराण्यातला माणूससुद्धा, पूर्वी कुणीही उठून लावायचं ते नाव नव्हतं. महिना बघायला गेलीस तर तिकडच्या पहिल्या हजारातसुद्धा नाही. सरकारी यादी असते तिथे, वर्षात पाचपेक्षा कमी मुलींना दिलेलं नाव असेल तर छापतच नाहीत. मी म्हटलं बाई, यादीत नसलेलं नाव चालेल मला, यादी वाचताना लोक हसायला नकोत एवढंच.

तेव्हा तिने खरं सांगितलं. नाव टूटूच्या स्वप्नात आलंय. याला इनोआ पो म्हणतात, रात्रीचं नाव. ते आलं की ठेवायचंच, नाही ठेवलं तर मूल आजारी पडतं असं जुनी माणसं मानतात. आता बोल. कुंडली मानायची नाही म्हणून मी गौरीच्या लग्नात सगळ्यांशी भांडले, आणि इथे बाळाच्या पायाला जरा गार लागलं तरी मला वाटतं झालं, आपण नाक मुरडलं म्हणूनच.

टूटूचं स्वतःचं ऐक. कागदावर ती मार्गारेट. १८६० मध्ये यांच्याच राजाने, चौथ्या कामेहामेहाने, कायदा केला, मुलाला पहिलं नाव ख्रिश्चन द्यायचं, बापाचं नाव आडनाव म्हणून लावायचं, आणि बाईने लग्नानंतर नवऱ्याचं. त्याआधी इथे आडनावच नव्हतं. मग हवाईयन नावं गेली फॉर्मवरच्या मधल्या घरात, घरी हाक मारायला, आणि हा कायदा रद्द झाला थेट १९६७ ला. १८९६ पासून शाळाही इंग्रजीत. टूटूला शाळेत तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. आता पणतीला पहिल्या घरात हवाईयन नाव मिळतंय म्हणून म्हातारी कशी ताठ बसते बघायला हवंस.

मला तू दिसत होतीस गं सारखी. तबकातले तांदूळ, अरविंदरावांनी अंगठीने काढलेलं ‘वैशाली’, आणि तू खाली मान घालून वाचतेयस. नंतर मी कराडला दारातनं इंदे म्हणून ओरडले तर तू सासूबाईंसमोर म्हणालीस, इथे वैशाली म्हण. त्यावरून आपण किती महिने (हा बघ, आला!) बोललो नाही. मी आजही म्हणते माझं काही चुकलं नव्हतं, तू आत येऊन हळूच सांगायचंस. आधारवर वैशाली, पेन्शनला वैशाली, भिशीत वैशालीताई. इंदू फक्त माझ्याकडे राहिली.

तर आता मागणं. परवा टूटूने मलाच विचारलं, गौरी मध्ये बसून सांगत होती, की तुझ्याकडचं नाव कुठलं? आईकडून काहीतरी आलं पाहिजे बाळाला. मी तोंड उघडलं आणि इंदू निघालं. ठरवलं नव्हतं काहीच. टूटूने अर्थ विचारला, गौरीने सांगितला, चंद्र. म्हातारी इतकी हसली की सुई खाली पडली, आम्ही सगळे गुडघ्यावर शोधत होतो. मग गंभीर होऊन म्हणाली, हे नाव कुणाचं आहे? कारण यांच्याकडे नाव ही ज्याची त्याची मालमत्ता, असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मी म्हटलं माझ्या मैत्रिणीचं, पण ती वापरत नाही सध्या. टूटू म्हणाली मग तर विचारच.

म्हणून विचारतेय. देशील का? महिना इंदू आणि पुढे त्यांचं आडनाव, ते लिहायला मला अजून जमत नाही. जागेची काळजी नको, इथे एका बाईचं आडनाव इंग्रजीत पस्तीस अक्षरांचं होतं, लायसन्सवर मावेना, २०१३ मध्ये सरकारने कार्डावरची जागाच वाढवली. आपलं दोन अक्षरी सहज बसेल. अरविंदरावांना काही वाटेल का ते तू बघ, किंवा सांगूच नको.

वहिनींचं काय करायचं ते मात्र तू सांग, तुझं त्या ऐकतात. आणि सांगलीत पोरीला हाक काय मारायची? इंदू मारली तर टूटूचं स्वप्न मोडतं का? गौरी म्हणते आई तू फार विचार करतेस. बारशाला आत्या म्हणजे केकोआची बहीण, साडेसहा फुटी आहे, कानात कुर्र करायची प्रॅक्टिस चालू आहे, बदकासारखा आवाज काढते. गोविंद घ्या गोपाळ घ्या मी एकटीच म्हणणार.

मिलिंदच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करून घे, पुढे ढकलू नको. भिशीचे माझे पैसे भर, आल्यावर देते. पहिला वाढदिवस इथे लग्नाएवढा मोठा करतात, तेव्हा पासपोर्ट काढून ठेव.

उत्तर लगेच दे, सर्टिफिकेटचा फॉर्म अडवून ठेवलाय मी. साडेपंधरा तास मागे आहोत आम्ही, तुझ्या दुपारी फोन केलास तर सगळं घर झोपेत असतं, तेव्हा मेसेज टाक. आणि व्हॉइस नोट नको, तू मुद्द्यावर यायच्या आत बाळ उठतं. नुसतं हो किंवा नाही टाइप कर.

तुझी,
सुमी