पुसायचं नाहीये ना, नुसतं छापायचं नाहीये?

स. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही मान खाली घालून "त्यात काय एवढं, ताई" म्हणाल, आणि ते मला पुन्हा ऐकून घ्यायचं नाही. पुण्यातल्या एका ग्रंथालयात शनिवारी खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या, संख्याशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलासाठी हे पत्र आहे. ज्याचं आहे त्याला कळेल.

मी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून येते. कॉलेजात गणित शिकवते, वय सत्तेचाळीस, आणि या वयात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पंचांग-गणितावर प्रबंध लिहायची हौस. केरो लक्ष्मण छत्र्यांची १८६०ची 'ग्रहसाधनाची कोष्टके', शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६चं 'भारतीय ज्योतिषशास्त्र', शिवाय त्याच वर्षी त्यांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर इंग्रजीत काढलेलं पंचांगांवरचं पुस्तक. पानोपानी कोष्टकं आणि समीकरणं, म्हणून लाटेक, गणिती मजकूर छापायला मांडून देणारं सॉफ्टवेअर. संदर्भ ३४०च्या घरात, म्हणून झोटेरो, संदर्भांच्या नोंदी सांभाळणारं. दोन्ही फुकट, दोन्ही उत्तम, फक्त एकातून दुसऱ्यात जाताना वाटेत माझं काय काय सांडलं ते मलाच माहीत.

झोटेरोत प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत खाली 'एक्स्ट्रा' नावाचा एक रकाना असतो. मला वाटलं, एक्स्ट्रा म्हणजे आपला. वहीच्या मागच्या पानासारखा. तिथे मी काहीही लिहायचे. "पान ११२पर्यंत. पुढचं डोकं दुखतंय म्हणून उद्या." "हे सरांनी वाचायला सांगितलंय, पण भयंकर कंटाळवाणं." आणि मग बाबा आजारी पडले तशा नोंदी बदलत गेल्या. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून काम करायचे, तेव्हा तारीख-वेळ टाकायची सवयही सुटली. "बाबांचा ताप उतरला. दोन पानं झाली." छत्र्यांच्या कोष्टकांच्या नोंदीत मी लिहिलं होतं, "बाबांनी आकडे वाचून दाखवले, मी पडताळले. ३ चुका. तिन्ही माझ्या."

बाबा फेब्रुवारीत गेले.

एप्रिलमध्ये मी पहिलं प्रकरण मार्गदर्शकांकडे पाठवलं. ते परत आलं तेव्हा संदर्भसूचीत एका ओळीभोवती लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, "हे काय?" छत्रे, केरो लक्ष्मण. ग्रहसाधनाची कोष्टके. १८६०. बाबांनी आकडे वाचून दाखवले, मी पडताळले. ३ चुका. तिन्ही माझ्या. पूर्णविरामासकट, व्यवस्थित, छापलेलं. खाली बघितलं तर अशा चाळीसेक ओळी.

का झालं ते तुम्ही नंतर एका वाक्यात सांगितलंत. झोटेरो लाटेकसाठी संदर्भांची यादी, म्हणजे बिब फाइल, काढताना 'एक्स्ट्रा'मधला मजकूर 'नोट' नावाच्या फील्डमध्ये ओततो, आणि लाटेकच्या जगात 'नोट' ही वाचकासाठी असते, छापायलाच असते. नोट म्हणजे मला वाटलं माझ्यासाठी, त्याला वाटलं जगासाठी. चूक कुणाचीच नाही. पण हे एक वाक्य ऐकायला मला मेपासून सप्टेंबर उजाडला.

त्या मधल्या महिन्यांबद्दल थोडं बोलू द्या, पोटात राहिलंय. पहिले भेटले ते म्हणाले, "मॅडम, वर्डमध्ये करा ना, कशाला हा उपद्व्याप?" त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी निदान वेळ घेतला नाही. दुसरा एक जुना विद्यार्थी. त्याने घरबसल्या माझ्या लॅपटॉपचा ताबा घेतला, पडद्यावर बाण आपोआप सरसर फिरायला लागला आणि वीस मिनिटांत "झालं, मॅडम." त्याचं एक ऋण आहे. सूचीत आद्याक्षरं घेताना 'केरो'च्या जागी चौकोन येत होता. लाटेकची संदर्भसूची जुळवणारं बिबटेक १९८५च्या सुमाराचं, ते नावाचा पहिला बाइट तोडून घेतं, आणि देवनागरीच्या एका अक्षराला असतात तीन. त्याने त्याच्या जागी बायबर हे नवं लावून दिलं, चौकोन गेले. माझ्या नोंदी मात्र त्याने बिब फाइलमधून हाताने उडवल्या. मी दुसऱ्या दिवशी एक नवीन पुस्तक घातलं, पुन्हा एक्स्पोर्ट केलं आणि सगळ्या ओळी जशाच्या तशा परत. अर्थात परत येणार, फाइल नव्यानेच तयार होते. मग दर एक्स्पोर्टनंतर ती फाइल उघडून त्या ओळी शोधून पुसायचं काम माझं झालं. म्हणजे दर आठ-पंधरा दिवसांनी मी बाबांचा ताप उतरल्याची ओळ पुसायची आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ती परत यायची. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर लोकांनी मला सुट्टी घ्यायचा सल्ला दिला असता.

तिसऱ्याने चार हजार रुपये घेतले. प्रबंध 'सेट करून' देतात ते. त्यांचं निदान बरोबर होतं: फाइलमध्ये पुसून उपयोग नाही, मुळात झोटेरोतच काढलं पाहिजे. "छोटी स्क्रिप्ट चालवतो, सगळे एक्स्ट्राचे रकाने एका दमात साफ. तसंही त्यात सगळा कचराच दिसतोय." बोट कीबोर्डवर होतं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं, अक्षरशः त्यांच्या हातावर. पैसे परत मागितले नाहीत. ते शब्दाला शब्द खरंच बोलत होते, तो कचराच होता. माझा होता, इतकंच.

म्हणून त्या शनिवारी तुम्ही "काही अडलंय का?" विचारलंत तेव्हा मी तुसडेपणाने "काही नाही" म्हटलं. त्याची माफी आधी. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, आपल्या जागी जाऊन बसलात, आणि तासाभराने मीच आले.

तुम्ही बिब फाइल साध्या एडिटरमध्ये उघडायला लावलीत आणि सावकाश खाली सरकत वाचत होतात. छत्र्यांची नोंद आली. तुम्ही थांबलात. तुम्ही वाचलंत हे मला कळलं, कारण तुमचे ओठ हलले. मी तयारीतच होते: आता हसणार, किंवा 'अरेरे' करणार, किंवा तो शब्द वापरणार.

"हे बाबा म्हणजे तुमचे?"

"हो. फेब्रुवारीत गेले."

तुम्ही माउसवरचा हात काढलात. मांडीवर ठेवलात. आणि पडद्याकडेच बघत विचारलंत, "मग हे पुसायचं नाहीये ना? नुसतं छापायचं नाहीये?"

एवढंच. पाच महिन्यांत भेटलेल्या सगळ्यांनी मला उत्तरं दिली होती, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी 'हो' म्हटलं की मान हलवली, आठवत नाही. तुम्ही तेव्हा बाटलीतलं पाणी प्यायला लागलात, बराच वेळ, तहान नसताना. तेही माझ्या लक्षात आहे.

पुढचं काम किती किरकोळ होतं, त्याचाच संताप येतो. बेटर बिबटेक या झोटेरोच्या पुरवणीच्या सेटिंगमध्ये एक पांढरा चौकोन आहे, एक्स्पोर्ट करताना कुठली फील्डं वगळायची ते तिथे लिहायचं. तुम्ही माउस माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "तुम्हीच लिहा, ताई." इंग्रजीतली चार अक्षरं. नोट. झालं. पण लगेच तुम्हीच शंका काढलीत की यातलं काही खरोखर छापायला हवं आहे का. होतं की! सहा जुन्या पंचांगांच्या नोंदींत मी 'शिळाप्रेसवरची प्रत' असं लिहिलं होतं आणि ते वाचकाला कळायलाच हवं. ते सरसकट गेलं असतं. मग त्या सहा ठिकाणी एक्स्ट्रामध्येच 'टेक्स डॉट ॲडेंडम' अशी ओळ घालायला शिकवलंत, म्हणजे तेवढंच सूचीत शेवटी येतं आणि बाकीचं घरी राहतं. जाता जाता दीक्षितांच्या दोन १८९६ना वेगवेगळ्या, न बदलणाऱ्या 'की', म्हणजे ओळखखुणा, दिल्यात, आणि फाइल आपोआप ताजी राहण्याची टिकही करून घेतलीत. एक मंडळ प्रकाशक नसून लेखक आहे, त्याचं नाव-आडनाव तोडू नये म्हणून एका रकान्यात कसं भरायचं तेही. ते मी तेव्हा ऐकल्यासारखं केलं, खरं तर घरी जाऊन पुन्हा शोधलं.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते मुलांच्या वह्या पेन्सिलीने तपासायचे. लाल शाईने का नाही, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले, "वही त्याची आहे. मी त्यात पाहुणा." इन्स्पेक्टर आले की बोलणी खायचे यावरून, पण पेन्सिल सोडली नाही. हल्ली हुशार माणसं पुष्कळ भेटतात. फोन करा, हजर होतात, दहा मिनिटांत मोडलेलं जोडून देतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्याच्या वहीत हात घालायच्या आधी जरा थांबणारी माणसं मला बाबांनंतर दिसलीच नव्हती, आणि मी मनातल्या मनात धरून चालले होते की ती पद्धतच संपली. तुम्ही पंचविशीचे असाल. कुठून आली तुमच्याकडे ही सवय? घरात कुणी मास्तर आहेत का?

गेल्या आठवड्यात पूर्ण मसुदा काढला. ३४६ संदर्भ झालेत आता. मी आधी सूचीच उघडली. छत्रे, केरो लक्ष्मण. ग्रहसाधनाची कोष्टके. १८६०. पूर्णविराम. मग झोटेरो उघडलं, त्याच नोंदीवर गेले, खाली सरकवलं. तीन चुका, तिन्ही माझ्या, जागच्या जागी.

त्याच्याखाली मी एक नवीन ओळ लिहिली आहे. ती काय आहे ते सांगत नाही. छापून येत नाही म्हटल्यावर आता मोकळेपणाने लिहिते.

गेल्या शनिवारी तुम्ही आला नव्हता. कंदी पेढ्यांचा पुडा काउंटरवरच्या काकांकडे ठेवला होता, तुमच्या टेबलाचा नंबर सांगून. त्यांनी "देतो" म्हटलं, पण त्यांची नजर मला फारशी आवडली नाही. मिळाला का? पाव किलो होता. कमी भरला तर कळवा.

तुमची,
साताऱ्याच्या ताई