मंद सुगंधाला घड्याळ लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सुगंधांविषयी येणारे लेख मी आवर्जून वाचते. अलीकडच्या एका लेखात हिरव्या, वनस्पतीगंधी आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल अशा एका सौम्य परफ्यूमला ‘टिकत नाही आणि जाणवतही नाही’ एवढ्या शेऱ्यावर निकालात काढलेले वाचले, म्हणून हे पत्र. मी स्वतः त्याच जातीचा एक परफ्यूम गेले तीन आठवडे रोज लावते आहे. तो कोणता हे मुद्दाम सांगत नाही, कारण माझी तक्रार एखाद्या बाटलीविषयीच्या मताशी नसून ते मत बनवण्याच्या पद्धतीशी आहे.

पाने चुरगळली किंवा गवत कापले की जो ओला, तिखटसर वास येतो, त्यात ‘सिस-थ्री-हेक्झेनॉल’ या रेणूचा मोठा वाटा असतो. हा रेणू लहान आणि हलका असल्यामुळे तो त्वचेवरून फार लवकर उडून जातो. म्हणजे ज्या ताज्या हिरवेपणासाठी आपण असा परफ्यूम निवडतो, तो हिरवेपणा सर्वांत आधी निघून जाणार, हे त्याच्या घडणीतच असते. तो जास्त वेळ धरून ठेवायचा असेल तर परफ्यूम बनवणाऱ्याला गॅल्बनमसारख्या द्रव्याकडे वळावे लागते. गॅल्बनम हा फेरुला जातीच्या वनस्पतींचा डिंक असून तो प्रामुख्याने इराणमधून येतो, आणि त्याचा वास इतका कडवट व धारदार असतो की हात थोडा सैल सुटला तरी तो बाकी सगळ्यांना गप्प करतो. जर्मेन सेलिए या फ्रेंच परफ्यूम बनवणारीने 1947 साली बाल्में या फ्रेंच फॅशन घराण्यासाठी केलेल्या ‘व्हाँ व्हेर’ या परफ्यूममध्ये तो मुद्दाम सढळ हाताने वापरला होता आणि त्या परफ्यूमची ख्याती त्या धारेमुळेच झाली. सौम्य परफ्यूममध्ये मात्र त्याचा केवळ स्पर्श ठेवून पुढची जबाबदारी क्लॅरी सेज ही सुगंधी वनस्पती, लॅव्हेंडर, वाळा आणि तळाशी असलेल्या कस्तुरीसदृश द्रव्यांवर सोपवलेली असते. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत दिलेला निकाल हा प्रस्तावना वाचून पुस्तकावर दिलेल्या अभिप्रायासारखा ठरतो.

‘जाणवत नाही’ हा दुसरा शेरा तर अधिकच जपून वापरायला हवा. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. शिवाय कस्तुरीसदृश कृत्रिम रेणूंपैकी काही रेणू काही माणसांना मुळीच जाणवत नाहीत, ही परफ्यूम बनवणाऱ्यांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात दुपार होईपर्यंत सुगंध पार उडाला असे मलाही वाटत असे. एके दिवशी धाकटी बहीण शेजारी येऊन बसली आणि तिने विचारले, ‘ताई, तू बागेत काम करून आलीस का?’ तेव्हा लावून चार तास उलटून गेले होते. माझ्या नाकाने ज्याची नोंद ठेवणे सोडून दिले होते, ते हातभर अंतरावर बसलेल्या दुसऱ्या माणसाला स्पष्ट कळत होते. हातभर अंतरापुरताच दरवळणे हे अशा परफ्यूमचे उद्दिष्ट असेल, तर तो पलीकडच्या खोलीत पोहोचत नाही हा त्याचा दोष कसा मानायचा?

याचा अर्थ त्यात उणिवा नाहीत असा नाही. मी वापरते त्या परफ्यूमचा दुसरा तास मला अजिबात आवडत नाही. पानांचा ओलसरपणा गेलेला असतो, तळाचा लाकडी गंध अजून वर आलेला नसतो आणि मधल्या वेळात लॅव्हेंडर एकटेच उरून सरळ साबणासारखे वाटते. उकाड्यात त्याचा कडवटपणाही वाढतो. कागदी पट्टीवर मात्र हा साबणपणा मला कधीच जाणवला नाही, कारण कागदाला अंगाची ऊब नसते. परीक्षण वाचताना मला अशा गोष्टी समजून घ्यायच्या असतात.

त्याच लेखात ‘युनिसेक्स’ ही आजकालची टूम असल्याचे म्हटले आहे, तेही पटण्यासारखे नाही. फारिना या इटालियन घराण्याने 1709 साली जर्मनीतील कोलोन शहरात ज्या सुगंधी पाण्याचा व्यवसाय सुरू केला, ते स्त्रिया आणि पुरुष दोघेही वापरत. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचे दगडफूल) आणि कूमरिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास देणारे द्रव्य) यांचा मेळ ‘पुरुषी’ ठरला तो पुढे, ‘फूजेर रॉयाल’ या 1882 सालच्या परफ्यूमच्या वळणावर निघालेल्या असंख्य पुरुषी परफ्यूममुळे. (फूजेर म्हणजे नेचा, आणि नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वास जवळपास नसतोच, तो सगळा कल्पनेचा खेळ होता.) 1994 साली कॅल्विन क्लाइनच्या ‘सीके वन’ने दोघांसाठी एकच बाटली बाजारात आणली, तेव्हा जुनीच रीत नव्या जाहिरातीसह परतली, इतकेच. रोझमेरीला किंवा सब्जाच्या पानाला लिंग नसते. ते बाटलीवरच्या चिठ्ठीला असते.

आपणांस विनंती एवढीच आहे की यापुढे अशा परीक्षणांत परफ्यूम त्वचेवर लावला होता की कपड्यावर, हवा कशी होती, तो किती दिवस वापरून पाहिला आणि पहिल्या, दुसऱ्या व पाचव्या तासाला तो कसा वाटला, हे लेखकाने नोंदवावे. शक्य झाल्यास शेजारी बसणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे मतही त्यात असावे. एवढे करूनही तो परफ्यूम नापसंत ठरला, तर माझी काहीच हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक