‘किती खर्च येईल?’ हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळीव प्राण्यांवर आपल्याकडे छापून खूप येतं. फोटो येतात, दत्तक घ्या म्हणून आवाहनं येतात, कुठल्या जातीचा कुत्रा घरात चांगला राहतो तेही येतं. पण जनावरांच्या दवाखान्यात टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जो प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणजे याला खर्च किती येईल आणि मला तो झेपेल का, त्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र. माझ्या घरात बरीच वर्षं कुत्रं-मांजर आहे आणि दवाखान्याच्या बाकावर बसून जे पाहिलंय त्यावरून माझं ठाम मत झालंय की पैसे नाहीत म्हणून प्राण्यांचे जेवढे हाल होतात तेवढेच पैशाबद्दल बोललं न गेल्यामुळे पण होतात.

होतं असं की डॉक्टर सांगतात रक्त तपासू, एक्सरे काढू, पाच दिवस इंजेक्शन, मग परत दाखवा. समोरचा माणूस मान हलवतो. घरी आल्यावर हिशोब करतो आणि तिसऱ्या दिवसापासून जातच नाही. त्वचेचं इन्फेक्शन अर्धवट राहतं, कानाचं औषध मध्येच बंद होतं, काही दिवसांनी तेच दुखणं जास्त जोरात परत येतं आणि मग खर्च आधीपेक्षा मोठा होतो. डॉक्टरांना वाटतं मालक निष्काळजी आहे, मालकाला वाटतं डॉक्टर लुटायला बसलेत, आणि दोघांच्या मध्ये ते मुकं जनावर. हे सगळं एका वाक्याने टळलं असतं हो. ‘डॉक्टर, माझ्याकडे सध्या एवढेच पैसे आहेत, यात सगळ्यात आधी काय करायला हवं?’ एवढंच.

हे विचारणं म्हणजे प्रेम कमी असणं नाही. उलट चांगला डॉक्टर असा प्रश्न आला की सुटकेचा श्वास घेतो कारण त्याला मग खरी परिस्थिती कळते. बऱ्याच आजारांत उपचाराचा एकच रस्ता नसतो. तरुण, लस झालेला, खेळता कुत्रा सकाळपासून दोनदा ओकला पण पाणी टिकतंय तर डॉक्टर तपासून उलटीचं औषध देऊन एक दिवस थांबू शकतात, सगळ्या टेस्ट पहिल्याच दिवशी लागतात असं नाही. थोडं लंगडतोय, पाय टेकतोय, तर काही दिवस विश्रांती आणि त्यांनी दिलेलं दुखण्याचं औषध, नाही सुधारलं तर एक्सरे. पण लस न झालेलं पिल्लू रक्ताचे जुलाब करत असेल तर तिथे पार्वोची (पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा जीवघेणा विषाणू) टेस्ट टाळणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. कुठे थांबता येतं आणि कुठे अजिबात नाही हे डॉक्टरच सांगू शकतो, पण ते सांगायची वेळ आपण त्याच्यावर आणली पाहिजे.

पार्वोचंच उदाहरण पुढे नेते. यात पिल्लाला ऍडमिट करून शिरेतून सलाईन देणं हा सगळ्यात चांगला उपचार मानतात आणि तो महाग असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यांनी याचा दुसरा मार्ग तपासला. 40 कुत्र्यांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं आणि मग अर्ध्यांना पूर्ण ऍडमिटवाला उपचार, अर्ध्यांना त्वचेखाली सलाईन आणि मोजकी इंजेक्शनं, म्हणजे रोज दवाखान्यात आणून देता येईल असा उपचार दिला. पहिल्या गटात 90 टक्के वाचले, दुसऱ्यात 80 टक्के. म्हणजे ऍडमिट करणं जास्त चांगलं हे खरंच, पण ज्याला ते शक्य नाही त्याने ‘आता काहीच होणार नाही’ असं समजून पिल्लू घरी घेऊन जाणं हे किती चुकीचं आहे बघा. मधला रस्ता होता. तो विचारावा लागतो.

आता डॉक्टर निवडायचा कसा. माझं पहिलं म्हणणं, प्राणी आजारी पडायच्या आधी निवडा. रात्री दोन वाजता कुत्र्याला फिट येत असताना मोबाईलवर शोधून जो पहिला नंबर दिसेल तो लावणं याला निवड म्हणत नाहीत. घरात पिल्लू आलं की पहिल्याच आठवड्यात साध्या चेकअपला न्या आणि डोळे उघडे ठेवून बघा. वजन करतात का, दात कान डोळे बघतात का, पोट हाताने चाचपतात का, छातीला स्टेथो लावतात का, की लांबूनच बघून इंजेक्शन भरतात? घाबरलेल्या मांजराला शांतपणे हाताळतात की मानगूट धरून दाबतात? (मांजरवाल्यांनी हे फार नीट बघावं, कारण एकदा का मांजराच्या मनात दवाखान्याची धास्ती बसली की पुढची कित्येक वर्षं बास्केट काढली तरी ते पलंगाखाली जातं, आणि मग आपणच न्यायचं टाळतो.) दिलेल्या औषधाचं नाव आणि डोस लिहून देतात का? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंजेक्शन दिलं आणि काय दिलं ते कुठेच लिहिलं नाही तर उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली की तो बिचारा अंधारात चाचपडणार. फाईल, लसीचं कार्ड, रिपोर्ट यांची एक प्रत कायम आपल्याकडे असलीच पाहिजे, त्याने त्याच टेस्ट पुन्हा करायचा खर्चही वाचतो.

डॉक्टर नोंदणीकृत आहे ना हे विचारायला संकोच करू नका. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा हे आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. आणि ज्या डॉक्टरला ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, तुम्ही अमुक तज्ज्ञाकडे जा’ असं म्हणता येतं त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. मोठी इमारत, चकचकीत मशीन बघून जाऊ नका आणि फक्त स्वस्त आहे म्हणून पण जाऊ नका.

स्वस्तावरून ऑपरेशनचं सांगायलाच हवं. नसबंदीसाठी दोन ठिकाणी विचारलं आणि एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा निघाला तर लगेच एकाला चोर ठरवू नका, आधी विचारा की त्या पैशात काय काय आहे. भूल द्यायच्या आधी रक्त तपासणार का, सलाईनसाठी सुई लावून ठेवणार का, ऑपरेशन चालू असताना भूल आणि श्वासावर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असणार का, नंतर दुखू नये म्हणून औषध किती दिवस देणार, टाके काढायचे वेगळे पैसे का. बहुतेक वेळा फरक इथेच असतो. याची उत्तरं नीट मिळाली तर कमी पैशातलं ऑपरेशनही उत्तम असू शकतं, आणि नाही मिळाली तर तिथे भूल द्यायला मी तरी प्राणी सोडणार नाही.

खर्च कमी करायचा खरा मार्ग घरातूनच जातो आणि त्यात पहिलं येतं वजन. लॅब्रेडॉर कुत्र्यांवर एक मोठा अभ्यास झाला होता, 48 कुत्री, पिल्लू असल्यापासून ते मरेपर्यंत. जोडीतल्या एकाला जेवढं खायला मिळे त्यापेक्षा 25 टक्के कमी दुसऱ्याला. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले, कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीचं औषधही उशिरा लागलं. दोन वर्षं! कुत्र्याच्या आयुष्यात हे केवढं मोठं आहे. फासळ्या दिसू नयेत पण हात फिरवला की सहज लागाव्यात एवढं वजन ठेवा, यासाठी दवाखाना लागत नाही, घरातल्या प्रत्येकाने आपापला लाडाचा तुकडा आवरावा लागतो फक्त. रोज दात घासले तर पुढे भूल देऊन दात काढायची वेळ टळू शकते. गोचीड-पिसवांचं औषध वेळेवर दिलं तर टिक फीवरचा (गोचीड चावून होणाऱ्या तापाचा) मोठा खर्च वाचतो. मादीची नसबंदी केली नाही तर वाढत्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि ते इमर्जन्सी ऑपरेशन आजारी जनावरावर करावं लागतं, साध्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि जोखमीचं.

लसींबद्दल दोन्ही टोकाची माणसं भेटतात. काहीजण एकही देत नाहीत, काहीजण दरवर्षी सगळ्या घेतात. कुत्र्या-मांजरांसारख्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) मार्गदर्शक सूचना सांगतात की पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून 16 आठवडे किंवा त्यापुढेपर्यंत डोस द्यायचे, मग एक बूस्टर, आणि त्यानंतर कुत्र्यांच्या पार्वो आणि डिस्टेंपर (हाही एक जीवघेणा विषाणूचा आजार) यांसारख्या मुख्य लसी साधारण तीन वर्षांनी. लेप्टोस्पायरोसिसची (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा आजार) मात्र दरवर्षी लागते आणि रेबीजची त्या-त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे. रेबीजमध्ये काटकसर नाहीच, लक्षणं दिसल्यावर तो आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, प्राण्याचा आणि माणसाचाही. तेव्हा ‘या वर्षी नक्की कुठली लस ड्यू आहे’ हे विचारा, पण वर्षाचा चेकअप चुकवू नका कारण किडनी, हृदय, दात यातलं दुखणं लवकर सापडतं ते तिथेच.

घरातली माणसांची गोळी देऊन पैसे वाचवणं हा सगळ्यात महागडा प्रकार आहे आणि याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. कुत्र्याच्या अंगावर टाकायचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध मांजरावर टाकलं तर तिला झटके येतात. तसंच काही गोष्टींत ‘सकाळी बघू’ चालत नाही. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाहीये. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, तो ओकायला बघतोय पण काही येत नाही. श्वासाला त्रास होतोय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. फिट पाच मिनिटांच्या वर चाललीये. अशा वेळी पैशाचा विचार वाटेत करा, आधी फोन करून निघा.

पैशाची तयारी म्हणाल तर प्राण्याच्या नावाने दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी ठेवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, वेगळं खातं असलं तर उत्तम कारण घरखर्चात मिसळलं की ते उरत नाही. विमा मिळत असेल तर प्राणी लहान आणि निरोगी असतानाच घ्या, आधीपासून असलेला आजार बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत, सुरुवातीचे काही दिवस क्लेम मिळत नाही, आणि बऱ्याचदा बिल आधी आपण भरायचं मग पैसे परत, म्हणजे विमा असला तरी हातात काही रक्कम लागतेच. पशुवैद्यक कॉलेजच्या दवाखान्यात आणि प्राणी-कल्याण संस्थांकडे बरेचदा कमी पैशात उपचार होतात, रांग लावावी लागते एवढंच. आणि प्राणी आणायच्या आधी जातीचा विचार करा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा, मोठ्या जातींना खुब्याचा त्रास जास्त, तो खर्च विकत घेतानाच्या किमतीत कुठेच लिहिलेला नसतो.

डॉक्टरांची बाजूही सांगते. माणसांच्या दवाखान्यात अनेकदा सरकार किंवा विमा कंपनी काही भार उचलते म्हणून तेव्हा खरा आकडा आपल्याला दिसत नाही. इथे तेच एक्सरे मशीन, तीच भूल, तीच सुई, आणि बिल थेट आपल्या हातात. ‘प्राण्यांवर प्रेम असतं तर फुकट केलं असतं’ हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलंय आणि ऐकणाऱ्या तरुण डॉक्टरचा चेहरा पण पाहिलाय. अनेक देशांत या पेशात आत्महत्यांचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त आढळलंय, तेव्हा असं बोलताना थांबावं. पण डॉक्टरांनाही विनंती आहे की आकडा उपचाराआधी सांगा, लिहून द्या, त्यात हे आत्ता लागणारच आणि हे थांबू शकतं असे दोन भाग करा, आणि खर्च वाढणार असेल तर पुढचं पाऊल टाकायच्या आधी फोन करा. म्हातारं जनावर असेल, बरं व्हायची शक्यता कमी असेल, तर तेही स्पष्ट सांगा. वेदना थांबवून शांतपणे निरोप द्यायचा पर्याय मालकाला स्वतःहून उच्चारता येत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि मग कर्ज काढून आणखी आठवडाभर त्या जीवाला सुया टोचल्या जातात.

संपादक साहेब, आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा जरी एखाद्या पशुवैद्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि त्यात आजारासोबत खर्चाचे प्रश्नही मोकळेपणाने घेतले, तर फार लोकांची सोय होईल. पहिला प्रश्न मी आत्ताच पाठवते: किडनीचा आजार निघालेल्या म्हाताऱ्या मांजराच्या कुठल्या टेस्ट दर तीन महिन्यांनी करायलाच हव्यात आणि कुठल्या सहा महिन्यांनी चालतील?

कळावे,
आपली एक नियमित वाचक