दादाला तूच सांग

प्रिय बंड्या,

आईचे गुडघे सोडले तर घरी सगळे बरे, असं लिहायची सवय आहे. पण दादाच्या यकृतात गाठ निघाली रे. कॅन्सरच. सीटी स्कॅनमध्ये इतकं स्पष्ट दिसलं की तुकडा काढून तपासायचीही गरज पडली नाही. जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरोसिस, म्हणजे यकृत आक्रसून कडक होणं, त्यात ही गाठ. दारूला कधी न शिवलेला माणूस, आणि गल्लीत कुजबुज दारूचीच! संताप येतो.

गाठ एकच, ४ सेंटिमीटरची. पण बाकीचं यकृत इतकं निकामी झालंय की गाठ कापली तर उरलेल्यावर तो तगणार नाही. सुई घालून जाळणं ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला चांगलं लागू पडतं. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, मुख्यतः आजार पुढे गेल्यावरची. राहिलं प्रत्यारोपण, त्यात गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात. १९९६ साली मिलानच्या डॉक्टरांनी मांडलेल्या मापात तो बसतो: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत. वाढली तर सगळंच अवघड. म्हणून तोवर जांघेतून नळी घालून गाठीच्या धमनीत औषध सोडणार आणि तिचा रक्तपुरवठा तोडणार.

मी त्याला माझ्या यकृताचा तुकडा देऊ शकत नाही. मलाही तोच बी निघालाय. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बाकी ठीक. दोघांना जन्मतः आईकडूनच आला असावा. तिला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

ओंकारचा रक्तगट जुळतो, वहिनीनं त्याला लहानपणीच लस टोचून घेतली होती. तो स्वतःहून पुढे आला. दादा म्हणतो, ‘पोराला कापून मला जगायचं नाही.’ डॉक्टरांनी सांगितलं, ओंकारचं उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं वाढतं. धोका अजिबात नाही असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि रात्री मला तेच आठवतं. तरी मला वाटतं, पोराला देऊ द्यावं. बापासाठी काही करता आलं नाही हे त्यानं जन्मभर का वागवायचं?

दादा तुझं ऐकतो. कॅरमच्या राणीवरून महिनाभर अबोला धरलात तरी शेवटी तुझ्याच घरी जेवायला गेला होता. (राणी तुझ्याच खिशात होती, हे मी आजही म्हणेन.)

नळीचं मंगळवारी आहे. त्याआधी फोन कर, मला नको, त्याला. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा ओंकार घरात नसतो, दादा मोकळा बोलतो.

चिंगीच्या बारावीचं कळलं, शाब्बास म्हणावं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या