बाबांचा दोरा आणि विमानाचा टाइम

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबांनी गणित घातलं तेव्हा मी ऑफिसात होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आई तूच वाचून दाखव, बाबा चष्मा शोधत बसतील.

तर बाबांचं म्हणणं, नकाशावर दोरा धरला की कोल्हापूर ते नागपूर 700 किलोमीटर भरतं, विमान पळतं 800 च्या स्पीडनं, मग तिकिटावर सव्वा-दीड तास कशाला लिहिलाय. बाबा, दोरा बरोबर आहे हो तुमचा, मी पण मोजून बघितलं, सरळ रेषेत 700 च्या आसपासच येतंय. पण तो 800 चा स्पीड वर पोचल्यावरचा. तिकिटावरचा टाइम म्हणजे विमान जागेवरनं हललं तिथपासून ते नागपुरात जागेवर जाऊन थांबेपर्यंतचा, त्यात रनवेपर्यंत जाणं आलं, वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, उतरायला तेवढीच किंवा जास्तच, आणि हवेतला रस्ता पण ठरलेला असतो, दोऱ्यासारखा सरळ नसतो. आपली एसटी स्टँडातनं निघून तावडे हॉटेलला हायवेला लागेपर्यंत किती वेळ खाते, तसंच समजा. थंडीत वारा पश्चिमेकडनं असतो, त्यामुळे इकडे नागपूरला येताना थोडं लवकर आणि परत जाताना थोडं उशिरा, हे पण धरा.

आणि ट्रेनचं बघा ना, महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करत येते, म्हणजे तेच 700 तिकडनं बाराशेच्या घरात जातं आणि अख्खा दिवस-रात्र गाडीत. गेल्या खेपेला आलात तेव्हा बाबांचे पाय दोन दिवस सुजलेले होते, मोजे काढल्यावर इलॅस्टिकचा वळ तसाच दिसत होता, मी बोलले नाही एवढंच.

दीड तासात दारात पोचाल असं मात्र नाही. उजळाईवाडीला विमानतळावर दोन तास आधी जायचं, इथे बॅगा येईपर्यंत थांबायचं, असे घर ते घर साडेचार-पाच तास धरा. म्हणजे सकाळचा नाष्टा तिथे आणि जेवण माझ्याकडे, किंवा उलटं, टाइम असेल तसं.

आई, विमान लहानच असतं, 76 सीटचं, दोन-दोनच्या रांगा, मधली सीटच नसते, त्यामुळे कुणा परक्याला चिकटून बसावं लागेल ही भीती काढून टाक. चटणीची बरणी मोठ्या बॅगेत टाक, हातात ठेवलीस तर सिक्युरिटीवाले बाजूला काढतील आणि तू त्यांना ती कशी केली ते सांगत बसशील.

व्हीलचेअर मी बुकिंगलाच सांगतेय. बाबा, नको म्हणू नका, जिना चढायचा असतो विमानात. आजोबा सांगायचे ना, राजाराम महाराजांनी 1939 ला तो विमानतळ केला म्हणून, आणि आपल्या घरातलं अजून कुणी तिथनं उडालेलं नाही. तुम्ही पहिले.

शनिवारी तिकीट काढते. तोवर दोघांची आधार कार्डं शोधून ठेवा, ओरिजिनल, झेरॉक्स चालत नाही.

तुमची,
बारकी